गाडीत कोणतं कूलंट घालावं? एका वादाचा आढावा

गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात कूलंट मागितलं की पहिला प्रश्न येतो, "हिरवं देऊ की लाल?" गाडी कोणत्या सालची, इंजिन कशाचं, आधी आत काय भरलेलं आहे, हे प्रश्न बहुतेक वेळा विचारलेच जात नाहीत. काहीशे रुपयांची ही बाटली चुकली तर वॉटर पंप जातो, रेडिएटर चोक होतो, हेडचं गॅस्केट उडतं आणि कधी हेडच वाकतं. मग कामाचा खर्च हजारांच्या घरात जातो. तरीही इंजिन ऑइलच्या ग्रेडबद्दल तासभर बोलणारा गाडीमालक कूलंटबद्दल रंगापलीकडे फारसं सांगू शकत नाही.

यात सगळा दोष मालकाचा नाही. गेल्या तीसेक वर्षांत या द्रवाची रसायनं बदलली, गाड्यांतले धातू बदलले, कंपन्यांनी आपापली वेगळी मानकं आणली आणि बाजारात "सर्व गाड्यांना चालणारं" अशी एक नवी जातही आली. अभियंते, तेल कंपन्या, गाड्यांचे उत्पादक आणि गॅरेजवाले यांची मतं आजही पूर्ण जुळत नाहीत. कोणते मुद्दे आता निकालात निघाले आहेत आणि कोणते अजून खुले आहेत, ते या लेखात क्रमाने पाहू.

पाण्यापासून ग्लायकॉलपर्यंत

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेतला ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांच्या कामी येतो, तेवढाच सायलेन्सरवाटे निघून जातो आणि बाकीचा बराचसा इंजिनाच्या भिंतींमधून बाहेर काढावा लागतो. सुरुवातीला हे काम साध्या पाण्याने केलं. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत बहुतांश काळ पाण्याचा पंपही नव्हता. गरम पाणी वर चढतं आणि गार झालेलं खाली येतं, एवढ्यावर ते फिरत राही.

पाण्याची पहिली अडचण थंड देशांत जाणवली. पाणी गोठताना फुगतं आणि ब्लॉकला तडा देतं. म्हणून त्यात मिथेनॉल, इथेनॉल, ग्लिसरीन, इतकंच काय मीठही घालून पाहिलं. अल्कोहोल उडून जाई, क्षारांनी धातू खाल्ला जाई. इथिलीन ग्लायकॉल फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल-आदोल्फ वुर्त्झ यांनी १८५६ च्या सुमारास तयार केलं होतं, पण गाड्यांसाठी ते मोठ्या प्रमाणावर विकायला १९२७ साल उजाडलं. त्या वर्षी अमेरिकेत प्रेस्टोन या नावाने ते बाजारात आलं. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या मर्लिन इंजिनातही पाणी आणि ग्लायकॉल यांचं मिश्रणच फिरत होतं.

आपल्याकडे गोठण्याची चिंता नव्हती, त्यामुळे पाण्यावर दीर्घकाळ भागलं. प्रीमियर पद्मिनी आणि अँबॅसडरच्या जमान्यात ब्लॉक ओतीव लोखंडाचा, तर रेडिएटर तांब्या-पितळेचा आणि डाग देऊन जोडलेला असे. गळती झाली तर रेडिएटरवाला पुन्हा डाग देई. बोर घाटात किंवा कसारा घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या हे नेहमीचं दृश्य होतं, आणि डिकीत पाण्याचा डबा असणं हा शहाणपणा मानला जाई. त्या गाड्यांसाठी तो होताही.

१९८३ साली मारुती ८०० आली आणि त्यानंतरच्या दोन दशकांत भारतीय गाड्यांचं अंतरंग पालटलं. हेड ॲल्युमिनियमचं झालं, रेडिएटर ॲल्युमिनियमचा आणि त्याच्या टाक्या प्लॅस्टिकच्या झाल्या, पुढे अनेक इंजिनांचा ब्लॉकही ॲल्युमिनियमचा आला. या धातूचा स्वभाव वेगळा आहे. त्याच्यावर ऑक्साइडचा जो पातळ पापुद्रा असतो, तो आम्ल वाढलं तरी सुटतो आणि अल्कली फार वाढली तरी सुटतो. पाण्यातल्या क्लोराइडने त्याला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. पातळ नळ्यांचा रेडिएटर अशा एका भोकानेही निकामी होतो. गार करणं या प्रश्नाला गंज रोखणं हा दुसरा, तितकाच मोठा प्रश्न इथे येऊन मिळाला. आजचा वाद मुख्यतः या दुसऱ्या प्रश्नाभोवती आहे.

आत नेमकं काय असतं

कुठल्याही नेहमीच्या कूलंटमध्ये तीन गोष्टी असतात. पाणी, ग्लायकॉल आणि गंजरोधकांचा संच.

उष्णता वाहून नेण्यात पाण्याचा हात कोणी धरू शकत नाही. अर्धं पाणी आणि अर्धं ग्लायकॉल या मिश्रणाची उष्णता सामावण्याची क्षमता, वजनाला वजन, निव्वळ पाण्यापेक्षा सुमारे पंधरा टक्क्यांनी कमी असते. ग्लायकॉल गोठणबिंदू खाली नेतं आणि उत्कलनबिंदू वर नेतं. निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा गोठणबिंदू उणे ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास येतो आणि ते उघड्या हवेत सुमारे १०७ अंशांना उकळतं. प्रत्यक्ष गाडीत रेडिएटरच्या झाकणामुळे आत दाब धरला जातो. प्रेशर कुकरमध्ये जे घडतं तेच इथे घडतं. साधारण एक बार दाबाच्या झाकणाखाली साधं पाणी १२० अंशांना, तर हे मिश्रण १२८ अंशांच्या आसपास उकळतं. म्हणूनच गरम इंजिनाचं झाकण उघडणं धोक्याचं असतं. दाब सुटला की आतला द्रव त्याच क्षणी उसळून अंगावर येतो.

तिसरा घटक गंजरोधक. वजनाने तो मिश्रणाचा अगदी थोडा भाग असतो, पण दोन कूलंटमधला खरा फरक त्याच्यातच असतो. ग्लायकॉल तापत राहिलं की हळूहळू ऑक्सिडीकरण होऊन त्यातून आम्लं तयार होतात. ती शमवायची आणि पाच-सहा धातू एकाच द्रवात असताना त्यांच्यातली विद्युत-रासायनिक झीज थांबवायची, ही गंजरोधकांची दुहेरी जबाबदारी असते.

हे प्रयोगशाळेत कसं तपासतात ते पाहण्यासारखं आहे. एएसटीएम डी १३८४ या चाचणीत तांबं, डागाचा मिश्रधातू, पितळ, पोलाद, ओतीव लोखंड आणि ॲल्युमिनियम यांच्या पट्ट्या काचेच्या भांड्यात एकत्र बुडवतात. कूलंटमध्ये मुद्दाम वाईट पाणी मिसळतात, ज्यात सल्फेट, क्लोराइड आणि बायकार्बोनेट प्रत्येकी दहा लाखांत शंभर भाग असतात. भांडं ८८ अंशांवर ठेवून त्यात हवा सोडत राहतात. चौदा दिवसांनी, म्हणजे ३३६ तासांनी, पट्ट्या बाहेर काढून साफ करतात आणि कोणाचं किती मिलिग्रॅम वजन घटलं ते मोजतात. रंगाला या चाचणीत काहीच भूमिका नाही.

चार रासायनिक घराणी

पहिलं घराणं अकार्बनी गंजरोधकांचं. सिलिकेट, फॉस्फेट, बोरेट, नायट्राइट यांचे क्षार धातूच्या सगळ्या पृष्ठभागावर चटकन थर धरतात. जुनं हिरवं कूलंट बहुधा याच जातीचं. संरक्षण लगेच मिळतं, पण हे क्षार वापरले जातात आणि संपतात. म्हणून ते साधारण दोन वर्षांत बदलायचं असतं. तांब्या-पितळेच्या रेडिएटरच्या जुन्या गाड्यांना ते आजही योग्य मानलं जातं.

दुसरं घराणं सेंद्रिय आम्लांचं. सेबॅसिक आम्ल, २-इथिलहेक्झॅनॉइक आम्ल यांसारख्या आम्लांचे क्षार जिथे गंजाची सुरुवात होते तिथेच बसतात, त्यामुळे ते फार सावकाश खर्च होतात. जनरल मोटर्सने १९९० च्या दशकाच्या मध्यात डेक्स-कूल हे नारिंगी कूलंट आणलं तेव्हा पाच वर्षं किंवा दीड लाख मैल, म्हणजे सुमारे २ लाख ४० हजार किलोमीटर, हा आकडा लोकांना अविश्वसनीय वाटला. पुढे काही इंजिनांत गॅस्केट खराब होण्याच्या आणि तपकिरी गाळ साचण्याच्या तक्रारी आल्या, अमेरिकेत सामूहिक दावे झाले आणि २००८ साली तडजोड झाली. टीकाकारांच्या मते दोष या आम्लांचा होता, कारण ती काही प्लॅस्टिक आणि रबरांना मऊ करतात. समर्थकांच्या मते पातळी कमी राहून आत हवा शिरली आणि गॅस्केटची रचना कमकुवत होती. आज याच घराण्याची कूलंट लाखो गाड्यांत विनातक्रार चालत आहेत, त्यामुळे सरसकट दोष रसायनाला देणं अवघड आहे. मात्र पातळी खाली राहिलेल्या गाडीत ते जास्त धोक्याचं ठरतं, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे.

तिसरं आणि चौथं घराणं म्हणजे या दोहोंचा संगम, आणि इथे भूगोल आडवा येतो. युरोपात चुनखडीच्या प्रदेशांतलं पाणी जड आहे. फॉस्फेट आणि जड पाण्यातला कॅल्शियम एकत्र आले की किटण बसतं. म्हणून युरोपीय उत्पादकांनी फॉस्फेट टाळलं आणि सेंद्रिय आम्लांना थोड्या सिलिकेटची जोड दिली. जपानचं पाणी बहुतांशी मऊ. तिथे फॉस्फेटची अडचण नव्हती. उलट सिलिकेटमुळे वॉटर पंपाचं सील झिजतं, असा तिथल्या अभियंत्यांचा अनुभव. म्हणून टोयोटा, होंडा, निस्सान आणि पुढे कोरियन कंपन्यांनीही सेंद्रिय आम्लांबरोबर फॉस्फेट निवडलं. दोन्ही निर्णय आपापल्या जागी बरोबर होते. भारतात मात्र जपानी, कोरियन आणि युरोपीय गाड्या एकाच रस्त्यावर धावतात आणि एकाच गॅरेजात येतात.

ही घराणीसुद्धा स्थिर नाहीत. फोक्सवॅगन समूहाचंच पाहा. आधी निळसर-हिरवं जी ११, मग लाल जी १२, पुढे जी १२ प्लस, जी १२ प्लस प्लस, ग्लिसरीन असलेलं जी १३ आणि आता जी १२ इव्हो. प्रत्येकाचं स्वतंत्र मानक आहे, टीएल ७७४ सी पासून टीएल ७७४ एल पर्यंत. यातलं जी ११ आणि मूळ जी १२ एकत्र झालं की तपकिरी चिखल होतो. नंतरच्या पिढ्या मात्र आधीच्यांशी जुळवून घेतील अशा बनवल्या. चाकणमध्ये बनलेल्या फोक्सवॅगन किंवा श्कोडाच्या मालकाला म्हणूनच "या कंपनीचं कूलंट" एवढं सांगून भागत नाही. कुठल्या मानकाचं, तेही सांगावं लागतं.

मालवाहू ट्रकांच्या डिझेल इंजिनांचा प्रश्न थोडा निराळा आहे. त्यांतल्या अनेकांत सिलिंडरचे लायनर थेट कूलंटमध्ये उभे असतात आणि कंपनांमुळे त्यांच्यालगत बुडबुडे फुटून धातूला भोकं पडतात. त्यासाठी नायट्राइट किंवा मॉलिब्डेट लागतं, आणि मानकही वेगळं आहे, एएसटीएम डी ६२१०. ट्रकचं उरलेलं कूलंट कारमध्ये ओतू नये ते याच कारणासाठी.

रंगाचा भरवसा

या सगळ्या वादात एकाच मुद्द्यावर जवळपास एकमत आहे. रंगावरून काहीही ठरत नाही. रंग हा वरून मिसळलेला असतो, गळती दिसावी आणि बाटली ओळखू यावी यासाठी. कोणत्याही आंतरराष्ट्रीय मानकाने अमुक रसायनाला अमुक रंग असा नियम घातलेला नाही. टोयोटाचं गुलाबी फॉस्फेटवालं आहे, फोक्सवॅगन समूहाचं गुलाबी-जांभळं सिलिकेटवालं आहे, आणि बाजारात मिळणारं तिसरं गुलाबी या दोहोंपैकी काहीच नसू शकतं. हिरवं तर जुन्या पद्धतीचं असू शकतं किंवा नव्या फॉस्फेट-सेंद्रिय जातीचंही.

रंगाचा एकच खरा उपयोग आहे. आपल्याच गाडीतला ठरलेला रंग अचानक गढूळ, तांबूस किंवा तेलकट झाला तर ते इशाऱ्याचं चिन्ह आहे. तांबूस झाला तर गंज, दुधाळ किंवा चॉकलेटी तवंग आला तर बहुधा तेल मिसळलं आहे, आणि तेव्हा कूलंट बदलण्याआधी हेड गॅस्केट आणि ऑइल कूलर तपासायला हवेत.

आपलं पाणी, आपलं ऊन

महाराष्ट्रात आणि गोव्यात गोठण्याचा प्रश्न जवळपास नाही. मग निम्मं ग्लायकॉल कशाला, हा प्रश्न गॅरेजवाले विचारतात आणि तो रास्त आहे.

एका बाजूचं म्हणणं असं. चंद्रपूर-नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, एसी सतत चालू असतो, आणि उष्णता वाहून नेण्यात पाणी सरस आहे. म्हणून ग्लायकॉल तीस टक्क्यांच्या आसपास ठेवावं. काही गाड्यांच्या पुस्तिकांतही उष्ण प्रदेशासाठी ३० आणि ७० हेच प्रमाण दिलेलं आहे. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की रेडिएटरची रचनाच निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा हिशेब धरून केलेली असते, त्यामुळे पंधरा टक्क्यांची तूट तिच्यात आधीच जमा आहे. उलट जास्त ग्लायकॉलमुळे उकळण्याआधी जास्त वाव मिळतो आणि गंजरोधकही पुरेसे राहतात. शिवाय इथला माणूस लडाखला गाडी घेऊन जातो. उंचीवर हवेचा दाब कमी झाल्याने उत्कलनबिंदू खाली येतो आणि रात्री गोठण्याचा धोका उभा राहतो.

दोन्ही बाजूंना मान्य असलेली मर्यादा अशी की प्रमाण साधारण तीस टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नये आणि साठ टक्क्यांच्या वर नेऊ नये. खाली गेलं तर गंजरोधक अपुरे पडतात, वर गेलं तर उष्णता नीट वाहत नाही आणि पातळ होण्याऐवजी द्रव घट्ट होतो. न मिसळलेलं कॉन्सन्ट्रेट थेट ओतणं हा चांगल्या हेतूने केला जाणारा, पण नुकसानीचा प्रकार आहे. निव्वळ ग्लायकॉल तर उणे १३ अंशांनाच गोठतं.

ज्या मुद्द्यावर वाद उरलेला नाही, तो म्हणजे पाण्याची प्रत. दख्खनच्या बेसाल्ट खडकातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असतं. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर क्षारांचं प्रमाण इतकं असतं की ते पाणी पिकांनाही सोसत नाही. अशा पाण्यातला कॅल्शियम फॉस्फेटवाल्या कूलंटशी संयोग पावून किटण करतो आणि क्लोराइड ॲल्युमिनियम पोखरतं. म्हणून कॉन्सन्ट्रेट घेतलं असेल तर डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड पाणीच वापरावं. ते पेट्रोल पंपावर आणि बॅटरीच्या दुकानात सहज मिळतं. घरगुती आरओचं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा बरं, पण क्षारमुक्त नव्हे. एसीचं ठिबकणारं पाणी दिसायला शुद्ध असलं, तरी कॉइलवरचा धातू आणि धूळ त्यात येते. ज्याला ही झंझट नको, त्याने तयार मिसळलेली बाटली घ्यावी. जड पाण्याच्या जिल्ह्यात ती महाग पडत नाही, स्वस्तच पडते.

कंपनीचं, मानकाचं, की सर्वांसाठीचं

खरं घोडं पेंड खातं ते इथे. बाटली निवडण्याच्या तीन भूमिका आहेत.

पहिली भूमिका गाडी उत्पादकांची. आमच्याच नावाची बाटली वापरा. त्यांचा युक्तिवाद असा की कूलंटची चाचणी फक्त धातूंवर पुरत नाही. गॅस्केट, होजपाइप, प्लॅस्टिकची टाकी, पंपाचं सील या सगळ्यांबरोबर ते हजारो तास चालवून पाहावं लागतं, आणि हे काम त्यांनी केलेलं असतं. वॉरंटीचा मुद्दाही त्यांच्या बाजूने आहे. दुबळी बाजू किमतीची, आणि तीच बाटली सहसा एखादी मोठी रसायन कंपनी बनवते, या वस्तुस्थितीची.

दुसरी भूमिका मानकाला मानणाऱ्यांची. नाव कोणाचंही असो, पुस्तिकेत लिहिलेलं मानक बाटलीवर आहे का ते पाहा. आपल्याकडे आयएस ५७५९, जपानी गाड्यांसाठी जेआयएस के २२३४, अमेरिकी एएसटीएम डी ३३०६ आणि ब्रिटिश बीएस ६५८० ही मानकं बाटल्यांवर दिसतात. ही भूमिका खिशाला परवडते आणि तर्काला धरून आहे. तिची मर्यादा अशी की ही सर्वसाधारण मानकं किमान पातळी सांगतात, रसायनाचं घराणं सांगत नाहीत. डी ३३०६ पार केलेलं कूलंट सिलिकेटचंही असू शकतं, निव्वळ सेंद्रियही. त्यामुळे मानकाबरोबर घराणंही जुळवावं लागतं.

तिसरी भूमिका "सर्व गाड्यांना चालणाऱ्या" कूलंटवाल्यांची. यातली बहुतेक सेंद्रिय आम्लांवर आधारलेली असतात आणि कशातही मिसळली तरी गाळ धरत नाहीत, असा त्यांचा दावा असतो. दहा जातींच्या गाड्या येणाऱ्या छोट्या गॅरेजला ही मोठी सोय आहे, आणि चुकीचा रंग पाहून चुकीची बाटली ओतण्यापेक्षा ती नक्कीच बरी. आक्षेप असा की गाळ न धरणं आणि पूर्ण संरक्षण देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फॉस्फेटची अपेक्षा धरून रचलेल्या इंजिनात फॉस्फेट नसलेलं कूलंट गेलं तर ते आज काही बिघडवणार नाही. पाच-सात वर्षांनंतर काय होईल, याचं स्वतंत्र आणि सर्वांसमोर असलेलं उत्तर तुटपुंजं आहे.

या तिन्हींत लेबलाची भाषा बारकाईने वाचावी. "मान्यताप्राप्त" म्हणजे गाडी कंपनीने तपासून परवानगी दिली आहे. "शिफारस" किंवा "साठी योग्य" म्हणजे बाटली बनवणाऱ्याचं स्वतःचं मत आहे. दोन्ही शब्द एकाच ठळक अक्षरांत छापलेले असतात, पण त्यांचं वजन सारखं नाही. ज्या स्वस्त बाटलीवर कुठल्याच मानकाचा क्रमांक नाही, तिच्यात ग्लायकॉल किती आणि रंगीत पाणी किती हे ग्राहकाला कळण्याचा मार्ग नाही. ती कितीही स्वस्त असली तरी टाळावी, यावर तिन्ही बाजू सहमत आहेत.

किती वर्षं टिकतं

टोयोटाच्या सुपर लाँग लाइफ कूलंटचं वेळापत्रक या बाबतीत बोलकं आहे. कारखान्यातून भरलेलं पहिलं कूलंट सुमारे १ लाख ६० हजार किलोमीटर किंवा दहा वर्षं, त्यानंतरचं प्रत्येक कूलंट ८० हजार किलोमीटर किंवा पाच वर्षं. बाटलीतला द्रव तोच, मग मुदत निम्मी का? कारण गॅरेजात रेडिएटर रिकामा केला तरी ब्लॉकमध्ये आणि हीटरच्या नळ्यांत जुना द्रव उरतो आणि नव्याला तो पहिल्या दिवसापासून खाऊ लागतो. त्यात अधूनमधून ओतलेलं नळाचं पाणी आलं की मुदत आणखी घटते.

तपासण्याची साधनंही पूर्ण उत्तर देत नाहीत. गॅरेजमधला रिफ्रॅक्टोमीटर एका थेंबावरून ग्लायकॉलचं प्रमाण अचूक दाखवतो, पण गंजरोधक किती उरले ते तो सांगत नाही. त्यासाठी आम्लता दाखवणाऱ्या कागदी पट्ट्या मिळतात, आणि सेंद्रिय कूलंटच्या बाबतीत त्यांचा अंदाजही ढोबळच असतो. म्हणून आपल्याकडच्या हवेत आणि पाण्यात लांब मुदतीचा आकडा ही वरची मर्यादा मानावी, असं बहुतेक अनुभवी मेकॅनिक सांगतात. गाडी उत्पादक मात्र पातळी आणि प्रत सांभाळली तर छापलेली मुदत खरी आहे, यावर ठाम आहेत. दोघांच्याही म्हणण्याला आधार आहे, कारण दोघं वेगवेगळ्या गाड्यांबद्दल बोलत आहेत. उत्पादक नीट सांभाळलेल्या गाड्यांबद्दल, मेकॅनिक गॅरेजात येणाऱ्या गाड्यांबद्दल.

विष आणि विल्हेवाट

इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि अतिशय विषारी आहे. यकृतात त्याचं रूपांतर होत होत ऑक्झॅलिक आम्ल बनतं आणि कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक मूत्रपिंड बंद पाडतात. प्रौढ माणसाला सुमारे शंभर मिलिलिटर जीवघेणं ठरू शकतं. मुलांना, कुत्र्या-मांजरांना त्याहून कितीतरी कमी पुरतं. पोटात गेल्याची शंका आली तर लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावं, कारण त्यावर उतारा आहे आणि तो वेळेत मिळाला तरच चालतो. उरलेलं कूलंट कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय आजच मोडायला हवी.

प्रॉपिलीन ग्लायकॉल पुष्कळच कमी विषारी आहे. मग सगळीकडे तेच का नाही? ते महाग आहे, घट्ट आहे आणि उष्णता थोडी कमी वाहतं. काही देशांत मधला मार्ग म्हणून इथिलीन ग्लायकॉलमध्ये डिनॅटोनियम बेंझोएट हे अत्यंत कडू द्रव्य मिसळतात. अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि ओरेगनने तसा कायदाच केला. त्याने अपघात खरोखर किती घटतात, यावर मात्र तज्ज्ञांत मतभेद आहेत.

वापरलेल्या कूलंटमध्ये ग्लायकॉलबरोबर इंजिनातून सुटलेले जड धातूही असतात. ते गटारात सोडणं चूक आहे हे सर्वांना ठाऊक आहे, पण छोट्या गॅरेजांकडून ते गोळा करण्याची इंजिन ऑइलसारखी रुळलेली साखळी आपल्याकडे उभी राहिलेली नाही. कच्च्या मालाच्या बाजूने थोडी आशा आहे. उसाच्या मळीपासून बनलेल्या अल्कोहोलमधून ग्लायकॉल तयार करण्याचं काम उत्तराखंडात काशीपूरला अनेक वर्षं चालू आहे. साखर कारखानदारीच्या महाराष्ट्राने या वाटेकडे लक्ष द्यावं असं नक्की वाटतं.

इलेक्ट्रिक गाड्यांचा नवा पेच

इंजिन गेलं की कूलंट गेलं, हा समज खोटा ठरला आहे. टाटाच्या नेक्सॉन ईव्हीसारख्या गाड्यांत बॅटरी द्रवानेच थंड ठेवतात. पण इथे द्रवाकडून एक नवी अपेक्षा आहे. बॅटरीच्या खोक्यात गळती झाली तर त्याने वीज वाहता कामा नये. नेहमीच्या कूलंटची विद्युतवाहकता हजारो मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर असते. कमी वाहकतेच्या नव्या कूलंटमध्ये ती शंभराच्या खाली ठेवण्याचा प्रयत्न आहे. अडचण अशी की गंजरोधक म्हणजे मुळात क्षार, आणि क्षार वीज वाहतात. ते कमी करावेत तर ॲल्युमिनियम उघडं पडतं. त्यात रेडिएटर जोडताना वापरलेल्या फ्लक्सचे अवशेष द्रवात उतरून वाहकता वाढवतात. सर्व उत्पादकांना मान्य असं एकच मानक इथे अजून रुळलेलं नाही. म्हणून इलेक्ट्रिक गाडीत पुस्तिकेबाहेरचं काहीही, अगदी डिस्टिल्ड पाणीसुद्धा, मनाने ओतू नये.

आज कुठे उभे आहोत

निकालात निघालेले मुद्दे स्पष्ट आहेत. ॲल्युमिनियमच्या इंजिनात साधं पाणी चालत नाही. रंग हा पुरावा नाही. नळाचं आणि बोअरचं पाणी मिसळू नये. काय भरलं आहे ते माहीत नसेल तर वरून भर घालत राहण्यापेक्षा सगळं काढून, फ्लश करून, एकच योग्य कूलंट भरावं.

खुले मुद्देही तितकेच खरे आहेत. सर्वांसाठीच्या कूलंटची दीर्घकाळची कामगिरी, उष्ण प्रदेशासाठी नेमकं प्रमाण, छापील मुदतीचा भारतीय परिस्थितीत अर्थ, इलेक्ट्रिक गाड्यांचं मानक आणि टाकाऊ द्रवाची व्यवस्था. यांची उत्तरं जर्मनी किंवा जपानच्या पाण्यावर झालेल्या चाचण्यांतून पूर्ण मिळणार नाहीत. खारपाणपट्ट्याच्या पाण्यावर, विदर्भाच्या उन्हात, घाट चढणाऱ्या भरलेल्या गाडीत चाचण्या व्हायला हव्यात आणि त्यांचे निष्कर्ष ग्राहकांसमोर यायला हवेत. बाटलीवर रसायनाचं घराणं, ग्लायकॉलचा प्रकार आणि त्याचं प्रमाण ठळक व मराठीत छापणं हे तर उद्याही करता येईल.

तोवर निवडीचा क्रम असा ठेवावा. आधी गाडीची पुस्तिका उघडून मानक पाहावं. मग त्या मानकाची आणि त्याच घराण्याची बाटली घ्यावी, शक्यतो तयार मिसळलेली. कॉन्सन्ट्रेट घेतलं तर पाणी डिस्टिल्ड असावं. इंजिन थंड असताना टाकीतली पातळी किमान आणि कमाल या दोन खुणांच्या मध्ये आहे ना, हे महिन्यातून एकदा पाहावं, आणि ती वारंवार खाली जात असेल तर भर घालण्याआधी गळती शोधावी. शेवटी, जे भरलं त्याचं नाव, मानक, तारीख आणि किलोमीटर एका चिठ्ठीवर लिहून ती बॉनेटखाली चिकटवावी. पुढच्या मेकॅनिकला, किंवा गाडीच्या पुढच्या मालकाला, रंगावरून अंदाज बांधण्याची वेळ मग येणार नाही.